पुन्हा बाहेर! भारतीय फुटबॉल संघाच्या अपात्रतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशकडून हरल्यावर जे प्रश्न धो धो आले आणि नंतरही येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. शिव्या गाळल्या आहेत, प्रश्न तसेच ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे क्रमांक दिला आहे.

१. आपण नक्की कशाला मुकलो? विश्वचषकाला की आशिया चषकाला? जो तो वेगळंच सांगतो.

दोन्हीला. घोळ होतो, कारण दोन्ही स्पर्धांची पात्रता सुरुवातीला एकत्रच खेळली गेली. आशियातल्या दुसऱ्या फेरीत चार-चार संघांचे नऊ गट होते. गटातले पहिले दोन संघ २०२६ च्या विश्वचषकाच्या पुढच्या पात्रता फेरीत गेले आणि त्याच झटक्यात २०२७ च्या आशिया चषकातही पोचले. भारत तिसरा आला. त्यामुळे विश्वचषकाचा विषय ११ जून २०२४ ला दोह्यात संपला.

आशिया चषकासाठी आणखी एक संधी होती: सहा गट आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ. तिथला विषय १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर संपला. ढाका त्यानंतरचं. ढाक्यात आपण बाहेर पडलो नाही, बाहेर पडल्यावर हरलो. (प्रश्न १६ पाहा.)

२. विश्वचषकाच्या फेरीत नेमकं कुठे चुकलं? सुरुवात तर चांगली झाली होती.

झाली होती. १६ नोव्हेंबर २०२३ ला कुवेतला त्यांच्याच घरी १-० हरवलं, गोल मनवीर सिंगचा. गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान. कतार पहिला येणार हे सगळ्यांनीच धरलं होतं, म्हणजे खरी शर्यत दुसऱ्या जागेची, आणि त्यातल्या मुख्य प्रतिस्पर्ध्याला पहिल्याच सामन्यात गारद केलेलं. पुढे भुवनेश्वरला कतारने ३-० हरवलं, तेही अपेक्षितच.

मग मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानशी लागोपाठ दोन सामने आले. त्यांचे कित्येक प्रमुख खेळाडू अफगाणिस्तानच्याच फुटबॉल महासंघाशी भांडून बाहेर बसले होते. देशातली परिस्थिती अशी की ‘घरचा’ सामनासुद्धा सौदी अरेबियात अभाला खेळावा लागला. तिथे आपण ०-० बरोबरी केली. २६ मार्चला गुवाहाटीत सुनील छेत्रीचा १५० वा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्याने पेनल्टीवर गोल केला, मध्यंतराला आपण पुढे होतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाऊन १-२ हरलो. दुसरा गोल ८८ व्या मिनिटाला, पेनल्टीवर.

आता शेवटचा गुणतक्ता बघा: कतार १६, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५. गुवाहाटीचा सामना जिंकला असता तर आपले ८ झाले असते. म्हणजे पुढे दोह्यात काहीही होवो, कुवेतच्या वर. ६ जूनला कोलकात्यात, छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात, कुवेतला हरवलं असतं तरी आपण ७ आणि कुवेत ६. तोही ०-० सुटला. सगळ्यांना आठवतो दोह्याचा सामना. माझ्या लेखी पात्रता गेली ती गुवाहाटीत.

३. दोह्यात चेंडू सरळ बाहेर गेला होता, तरी गोल दिला. आपल्याला लुटलं नाही का?

लुटलं. यात ‘पण दुसरी बाजू’ वगैरे काही नाही. लालियानझुआला छांगतेच्या गोलने भारत १-० पुढे होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या पलीकडे गेला, आपले खेळाडू थांबले, कतारच्या खेळाडूने तो ओढून आत घेतला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात मारला. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसतं. त्या फेरीत व्हिडिओ पंच नव्हतेच, त्यामुळे मैदानावरच्या पंचांनी दिलं तेच अंतिम. भारतीय महासंघाने तक्रार केली, निकाल काही बदलला नाही.

पण या गोलवर सगळं खापर फोडणाऱ्यांसाठी साधी बेरीज करून बघतो. तो गोल पुसून टाका. कतारचा ८५ व्या मिनिटाचा दुसरा गोल, ज्यात काही खोट नव्हती, तसाच ठेवा. सामना १-१, आपले गुण ६. त्याच रात्री कुवेतने अफगाणिस्तानला १-० हरवून ७ गुण केले. म्हणजे तरीही आपण बाहेर. आता तुम्ही म्हणाल, तो गोल नसता तर पुढचा खेळच वेगळा झाला असता. मान्य, झाला असता. पण कतार आधीच पात्र झाल्यामुळे त्यांनी त्या दिवशी बरेच नवखे खेळाडू उतरवले होते, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

४. आशिया चषकाचा गट तर सोपा होता. सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेश! तरी कसे हरलो?

फिफाच्या क्रमवारीत या गटात आपण सगळ्यांच्या वर होतो. सोडतीत पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे क्रमवारीने सगळ्यात वरच्या संघांच्या टोपलीत, होतो. कागदावर याहून बरा गट मागता आला नसता.

२५ मार्च २०२५, शिलाँग: बांगलादेशशी ०-०, घरच्या मैदानावर. १० जून, हाँगकाँगचं नवं काई ताक मैदान: भरपाई वेळेत गोलरक्षक विशाल कैथच्या हातून पेनल्टी गेली आणि स्टीफन परेराने ती मारली. ०-१. (हाँगकाँगचे प्रशिक्षक होते अ‍ॅशली वेस्टवुड, जे आधी बंगळूरूत प्रशिक्षक होते. त्यांना आपले खेळाडू आपल्याइतकेच पाठ.) ९ ऑक्टोबर, सिंगापूर: संदेश झिंगन लाल कार्डावर बाहेर, दहा जणांनी खेळून रहीम अलीने ९० व्या मिनिटाला बरोबरी साधली. त्या रात्री थोडी आशा वाटली. पाचच दिवसांनी फातोर्ड्यात छांगतेने चौदाव्या मिनिटालाच गोल केला, मग साँग उई-याँगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन मारले. १-२. संपलं.

ढाका धरून पाच सामने, दोन गुण, दोन गोल, एकही विजय नाही. एखादा सामना नशिबाने जातो, पाच जात नाहीत.

५. १४० कोटींच्या देशात अकरा खेळाडू मिळू नयेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी उपयोगाचा आहे. लोकसंख्या फुटबॉल खेळत नाही. आठव्या-नवव्या वर्षापासून दर आठवड्याला खरा सामना खेळणारी, शिकवलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली वाढणारी मुलं किती, हा आकडा खेळतो. २०२६ च्या विश्वचषकात पोचलेला जॉर्डन साधारण सव्वा कोटीच्या आतबाहेरचा देश. कुरासाओ हे कॅरेबियन बेट दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्यापेक्षाही लहान. तेही पोचले.

आपल्याकडे किती जिल्ह्यांत तेरा वर्षांखालच्या मुलांची वर्षभर चालणारी लीग आहे? शाळांची आंतरजिल्हा स्पर्धा म्हणजे चार दिवसांत बाद फेरीचे सामने. पहिलाच सामना हरलात की त्या वर्षाचं तुमचं फुटबॉल साठ मिनिटांत आटोपलं. बरोबरीच्या वयाचा कोरियन किंवा उझबेक मुलगा तेवढ्या काळात अख्खा मोसम खेळलेला असतो.

६. आता तर विश्वचषकात ४८ संघ. जागा वाढूनही आपण नाही?

जागा वाढल्या, हो. आशियाला पूर्वी साडेचार मिळायच्या, आता आठ थेट आणि एक पुढच्या आंतरखंडीय फेरीतून. उझबेकिस्तान आणि जॉर्डन यांनी ती संधी साधली, दोघेही पहिल्यांदा. आपण मात्र त्या आठ जागांसाठीच्या १८ संघांतही नव्हतो. त्यामुळे ‘विश्वचषक थोडक्यात हुकला’ ही भाषा आपल्या बाबतीत वापरू नये. आपला थोडक्यात हुकला तो आशियातल्या पहिल्या अठरातला नंबर.

७. गोल का होत नाहीत? आणि चाळिशीच्या छेत्रीला परत बोलावण्याची वेळ का आली?

जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया यांच्याविरुद्ध तीन सामन्यांत भारताचा एकही गोल नाही. त्या पूर्ण वर्षात अकरा सामने आणि विजय शून्य. जून २०२४ मध्ये छेत्री ९४ आंतरराष्ट्रीय गोलांवर निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या मागे रांगेत कोणी उभं नव्हतं.

कारण शोधायला लांब जायला नको. देशातल्या वरच्या लीगमध्ये परदेशी खेळाडू घेण्याची मर्यादा आहे आणि क्लब ती मर्यादा कुठे खर्च करतात? गोल मारणाऱ्यावर. प्रशिक्षकाला पुढच्या शनिवारी सामना जिंकायचा असतो, नोकरी टिकवायची असते, तो विशीतल्या भारतीय पोराला नऊ नंबरची जागा देऊन प्रयोग करत बसत नाही. मग तो पोरगा कडेला विंगवर जातो, नाहीतर सत्तराव्या मिनिटाला बदली म्हणून येतो. पेनल्टीच्या चौकटीत पाठीवर बचावपटू घेऊन, अर्ध्या सेकंदात वळून मारायची सवय सामन्यातच लागते. ती ज्याला कधी लागलीच नाही त्याला निळी जर्सी घातल्यावर कशी लागेल?

म्हणून मार्च २०२५ मध्ये छेत्रीला परत यावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० मध्ये त्याचा ९५ वा गोल झाला. त्याला बोलावणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्या मोसमात भारतीयांमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचेच होते, मग निवड कोणाची करायची? तो परतला याची लाज त्याला वाटायचं कारण नाही. बाकीच्यांना वाटायला हवी.

८. प्रशिक्षक बदलून काही फरक पडतो का? स्टिमॅच गेले, मार्केझ गेले…

इगोर स्टिमॅचना दोह्यानंतर सहाच दिवसांत काढलं, मग करारातल्या भरपाईवरून वाद. मानोलो मार्केझना नेमलं तेव्हा ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते आणि पूर्ण मोसम दोन्ही कामं एकदम करत राहिले. राष्ट्रीय संघाची जबाबदारी ही जोडधंदा म्हणून देता येते, असं महासंघाला वाटलं, इथेच उत्तर आलं. त्यांच्या काळात आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. मुंबईकरांना हे नाव नवं नाही: महिंद्र युनायटेड, एअर इंडियाकडून खेळलेले, मुंबई एफसी वर्षानुवर्षं सांभाळलेले, आणि ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारे. सावियो मेदेरा यांच्यानंतर इतक्या वर्षांनी पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक. मध्य आशियाई स्पर्धेत ताजिकिस्तानला आणि पेनल्टीवर ओमानला हरवून तिसरा क्रमांक आणला. महिनाभराने सिंगापूरकडून हरलो. म्हणजे फरक पडतो, एखाद-दुसऱ्या सामन्यापुरता. प्रश्न ५ आणि ७ मध्ये जे लिहिलं आहे ते कोणीही प्रशिक्षक दहा दिवसांच्या शिबिरात भरून काढू शकत नाही.

९. आयएसएल सुरू होऊन इतकी वर्षं झाली. एवढा पैसा ओतून राष्ट्रीय संघाला काय मिळालं?

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग. तिच्यामुळे काही गोष्टी नक्की मिळाल्या. मैदानं सुधारली, पगार वाढले, खेळाडूंची तंदुरुस्ती पूर्वीपेक्षा कितीतरी बरी आहे. २०१९ आणि २०२३ (प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये झालेला) असे लागोपाठ दोन आशिया चषक भारत पहिल्यांदाच खेळला, हे याच काळातलं. २०२३ च्या जुलैत क्रमवारीत ९९ व्या जागेपर्यंत गेलो होतो.

पण सगळं एका करारावर टांगलेलं होतं. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यात २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे पंधरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. तरी जुलै २०२५ मध्ये नवा करार नाही म्हणून लीगच स्थगित झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, निविदा काढली तर एकही बोली नाही, खेळाडू समाजमाध्यमांवर हात जोडून विनंती करतायत. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये आखडलेली लीग सुरू झाली. फातोर्डा आणि ढाका या दोन्ही ठिकाणी उतरलेले आपले खेळाडू लीगचे सामने न खेळता उतरले होते. हरण्याचं हे एकमेव कारण नाही, कारण शिलाँग आणि हाँगकाँगच्या वेळी लीग व्यवस्थित झाली होती. पण ऑक्टोबरमध्ये पाय जड का वाटत होते, याचं उत्तर इथे आहे.

१०. बाकीचे देश परदेशातले खेळाडू आणतात. आपण का नाही?

या फेरीत आपल्याला कोणी हरवलं ते बघा. फातोर्ड्यात दोन गोल मारणारा साँग उई-याँग जन्माने कोरियन, हाँगकाँगची पेनल्टी मारणारा परेरा जन्माने ब्राझिलियन, आणि बांगलादेशच्या मधल्या फळीत इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टरचा हमझा चौधरी.

आपल्याकडे दोन अडचणी. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि क्रीडा खात्याचं २००८ पासूनचं धोरण सांगतं की भारताकडून खेळायला भारताचंच पारपत्र हवं. बांगलादेशाने हमझाला ब्रिटिश पारपत्र ठेवून आपलं दिलं. आपण तसं करू शकत नाही.

पण इथे एक गोम आहे, जी वादावादीत कोणी काढत नाही. सिंगापूरसुद्धा दुहेरी नागरिकत्व देत नाही. साँगने कोरियाचं नागरिकत्व सोडून सिंगापूरचं घेतलं. म्हणजे कायदा कडक असूनही खेळाडू येतो, जर त्याला तिथलं फुटबॉल आणि आयुष्य त्या किमतीचं वाटलं तर. आपल्याकडेही उदाहरणं आहेत. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. अलीकडे पर्थमध्ये जन्मलेल्या, आईकडून मुंबईशी नातं असलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं पारपत्र सोडून भारताचं घेतलं. कागदपत्रं वेळेत न आल्याने तो ढाक्यात खेळू शकला नाही.

माझं मत विचाराल तर धोरण सैल करायला हरकत नाही. त्याने दोन-तीन जागा भरतील. तेरा वर्षांखालच्या लीगचा प्रश्न मात्र तसाच राहील.

११. माझा भाचा न्यू जर्सीत उत्तम खेळतो, ओसीआय कार्ड आहे. तो भारताकडून खेळू शकेल?

ओसीआय कार्डावर नाही. ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावात ‘सिटिझन’ असलं तरी. त्याला अमेरिकेचं पारपत्र सोडून रीतसर भारतीय नागरिक व्हावं लागेल आणि त्यासाठी आधी इथे किमान एक वर्ष राहावं लागेल. शिवाय तो अमेरिकेकडून अधिकृत स्पर्धेत खेळला असेल तर फिफाकडून देश बदलण्याची परवानगी वेगळी. तो अजून भारतीय पारपत्रावरच असेल, म्हणजे आईवडील नोकरीच्या व्हिसावर असतील, तर मात्र काहीच अडचण नाही, फक्त कोणीतरी त्याला बघायला हवं. पार्श्वभूमी प्रश्न १० मध्ये.

१२. १९५० मध्ये अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण विश्वचषकाला गेलो नाही, हे खरं का?

ही गोष्ट आजोबांपासून नातवापर्यंत सगळे सांगतात, पण खरं कारण ते नाही. गटातल्या इतर संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलमध्ये होणाऱ्या त्या विश्वचषकात जागा मिळाली होती. महासंघाने त्या वेळी संघनिवडीतले मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणं दिली. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे सांगितलं की आपल्याकडे तेव्हा महत्त्व होतं ते ऑलिंपिकला, विश्वचषकाचं एवढं काही वाटत नव्हतं. अनवाणी पायांची आख्यायिका लोकप्रिय होण्याचं कारण उघड आहे: तिच्यात दोष दुसऱ्याचा असतो.

१३. क्रिकेटने फुटबॉल मारलं, असं म्हणणं बरोबर आहे का?

नाही. क्रिकेट ऑस्ट्रेलियातही आहे आणि ऑस्ट्रेलिया विश्वचषक खेळतो. मणिपूर, मिझोराम, केरळ, गोवा, बंगाल इथे फुटबॉलला माणसं कमी पडत नाहीत. पुढचा प्रश्न.

१४. महाराष्ट्र आणि गोव्याचे खेळाडू राष्ट्रीय संघात इतके कमी का?

या प्रश्नावर जरा थांबू या, कारण आपला राग इथे खरा आहे.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून उपांत्य फेरी गाठली, त्या दिवशी हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा आणि फुटबॉलने मुंबईचा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. पुढे गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक दिला, ब्रुनो कुतिन्हो दिला.

आणि मग क्लब एकेक करून मिटत गेले. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ च्या सुमारास आटोपलं. डीएसके शिवाजियन्स गेलं, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये हैदराबादला गेलं. गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, देशातल्या लीगची रचना पटली नाही म्हणून. एक क्लब बंद होतो तेव्हा त्याच्या खालची पंधरा, अठरा वर्षांची पोरंही रस्त्यावर येतात, ते कोणाच्या बातमीत येत नाही. आज पुण्यातल्या गुणी मुलाला वरच्या लीगमध्ये खेळायचं तर शहर सोडावं लागतं.

कोल्हापूरचं आणखी निराळं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार असा सामना असेल तर जी गर्दी होते ती बघून बाहेरचा माणूस चक्रावतो. तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवलं, हे निर्विवाद. पण तिथला चांगला खेळाडू पेठेत हिरो होतो, बॅनरवर झळकतो, आणि तिथेच राहतो. तालमीचा मोसम हा राष्ट्रीय शिडीचा पहिला पाय असायला हवा होता, तो स्वतःच शिखर झाला. अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २०१७ मध्ये भारताकडून खेळला, पण त्यासाठी त्याला लहानपणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. मुंबईचा राहुल भेके बचावफळीत नियमित दिसला. एवढ्या मोठ्या राज्यातून बोटांवर मोजण्याइतकी नावं.

१५. मैदानात जाऊन हुर्यो उडवावी का? की देशाचा संघ म्हणून गप्प बसावं?

तिकीट काढून गेलात तर ओरडायचा हक्क तुमचा. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात तेच मैदान खच्चून भरलं. तेव्हा कर्णधार स्वतःच परवानगी देऊन गेला आहे.

एकच मर्यादा पाळा. पेनल्टी देणाऱ्या किंवा संधी चुकवणाऱ्या खेळाडूच्या घरच्यांना, त्याच्या राज्याला, चेहऱ्याला शिव्या देणारे संदेश पाठवणं म्हणजे टीका नव्हे. ईशान्येकडच्या खेळाडूंना हरल्यावर जे ऐकावं लागतं ते वाचून मान खाली जाते. संघातली निम्मी धावपळ त्यांची असते.

१६. ढाक्याचा सामना निरर्थक होता ना? मग त्याचं एवढं काय?

पात्रतेच्या दृष्टीने हो, दोन्ही संघ बाहेर गेलेले. पण १८ नोव्हेंबर २०२५ ला बांगलादेशने आपल्याला १-० हरवलं ते २२ वर्षांनी पहिल्यांदा. गोल शेख मोर्सालिनचा, सुरुवातीलाच. त्यानंतर जवळपास ऐंशी मिनिटं मिळूनही आपल्याला बरोबरी साधता आली नाही. शिवाय अशा सामन्याचे गुणही क्रमवारीत मोजले जातात, म्हणून पुढचा प्रश्न.

१७. क्रमवारी १४२ झाली म्हणजे नक्की काय बिघडलं? आकडाच तर आहे.

सोडत बिघडते. पुढच्या पात्रता फेरीत कोण कोणाच्या गटात जाईल हे पॉट ठरवतात आणि पॉट क्रमवारीवरून ठरतात. २०२३ मध्ये ९९ वर असताना जो संघ आपल्याला टाळत होता, तो आता आपल्याला मागून घेईल. तगडे देशही मैत्रीपूर्ण सामन्याला खालच्या संघाला बोलवत नाहीत, मग आपण आपल्यासारख्यांशीच खेळत राहतो. अर्थात प्रश्न ४ मधला गट सोडतीने सोपाच दिला होता. त्यामुळे पॉटला फार दोष देऊ नका.

१८. विश्वचषकात ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लावणं म्हणजे आपल्या संघाशी बेइमानी?

मग अर्धं कोल्हापूर आणि अख्खा गोवा बेइमान. पोर्तुगालसाठी रात्र जागवणारा मडगावकर फातोर्ड्यात भारतासाठीही घसा बसवून आलेला असतो. झेंडे लावा. फक्त मेस्सीचं कटआउट उभारायला जेवढी वर्गणी निघते त्यातली थोडी गल्लीतल्या पोरांच्या बुटांना काढा, एवढं मंडळांना सांगणं आहे.

१९. महिला संघाचं काय? तोही बाहेरच का?

नाही, आणि हे फार कमी लोक विचारतात. ५ जुलै २०२५ ला चियांग माईत थायलंडला त्यांच्या घरी २-१ हरवून, संगीता बासफोरच्या दोन गोलांवर, भारतीय महिला २०२६ च्या आशिया चषकाला पात्र ठरल्या. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. २०२२ ची स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होती, तेव्हा यजमान म्हणून खेळलो आणि संघात कोविड पसरल्याने एका सामन्यानंतर बाहेर पडावं लागलं होतं. पुरुषांच्या १७ वर्षांखालच्या संघानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादेत इराणला हरवून आशियाई स्पर्धा गाठली. तेव्हा ‘भारतीय फुटबॉल संपलं’ असं लिहिण्याआधी कोणतं ते लिहा.

२०. यजमान देशाला पात्रता लागत नाही. २०२७ चा आशिया चषक आपल्याकडे असता तर?

तर भारत आपोआप खेळला असता. आणि हे स्वप्नरंजन नाही. यजमानपदाच्या शर्यतीत शेवटी दोनच देश उरले होते, भारत आणि सौदी अरेबिया. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या महासंघाने आपला प्रस्ताव मागे घेतला: मोठ्या स्पर्धा भरवण्यापेक्षा पायाभूत कामाला प्राधान्य, असं कारण दिलं. कारण वाईट नव्हतं. तीन वर्षांनी लीग बंद, पात्रता गेलेली, आणि ते पायाभूत काम कुठे आहे हे विचारणाऱ्यांना प्रश्न ५ कडे पाठवावं लागतं.

सिंगापूरचा प्रवास उलटा. १९८४ मध्ये ते यजमान म्हणून आशिया चषक खेळले होते, त्यानंतर थेट आता, १८ नोव्हेंबर २०२५ ला हाँगकाँगला २-१ हरवून, स्वतःच्या पायावर. आपण त्याच संध्याकाळी ढाक्यात होतो.